इंजिन बांधताना आधी काय ठरवायचं?

पिस्टन, कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा विकत घेताना तीन वेगळ्या पुड्यांतून येतात, बहुधा तीन वेगळ्या कारखान्यांतून. इंजिनात बसल्या क्षणापासून त्यांचा हिशेब एकच होतो. कॅम व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचा ते ठरवतो, पिस्टन त्या व्हॉल्व्हला जागा देतो आणि आत आलेली हवा दाबतो, स्प्रिंग व्हॉल्व्हला कॅमच्या आज्ञेत ठेवते. तिघांपैकी एकाची निवड चुकली की उरलेले दोन कितीही महागडे असले तरी उपयोग नाही. हे सगळ्यांना मान्य आहे. वाद आहे तो निवडीच्या क्रमाचा, आणि प्रत्येक ठिकाणी ‘किती पुरे’ याचा. त्या वादाची आजची स्थिती काय आहे, हे इथे मांडतो आहे.

उदाहरण म्हणून एकच इंजिन धरलं आहे: शेवरोलेचं 350 घन इंचाचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8, अमेरिकेत ‘स्मॉल ब्लॉक’ म्हणून ओळखलं जाणारं. घरच्या गॅरेजमध्ये उघडून पुन्हा बांधलं जाणारं इतकं लोकप्रिय इंजिन दुसरं क्वचितच असेल. त्याचे सुटे भाग असंख्य कंपन्या बनवतात, त्यामुळे कोणता भाग कोणाशी जुळतो हा प्रश्न जितका या इंजिनाबाबत घासूनपुसून पाहिला गेला, तितका इतर कशाबाबत नाही. मापं इंचांतच ठेवली आहेत, कारण तिथला सगळा व्यवहार इंचांत चालतो. इंचाच्या हजाराव्या भागाला आपल्या लेथवाल्यांचा ‘थाऊ’ हा शब्द आहेच, तोच वापरतो.

कारखान्यातली जुळणी आणि तिची फाटाफूट

स्मॉल ब्लॉक 1955 साली एड कोल यांच्या देखरेखीखाली बाजारात आलं, तेव्हा ते 265 घन इंचांचं होतं. 1957 मध्ये 283 घन इंचांच्या आवृत्तीने फ्युएल इंजेक्शनसह 283 अश्वशक्ती दिली. त्यामागे झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा कॅम होता, आणि त्याच्या जोडीला 10.5 कॉम्प्रेशन. हा कॅम एकटा आला नव्हता. पिस्टन, हेड, स्प्रिंगा, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शन असा सगळा संच एकाच अभियंत्यांच्या गटाने एकत्र बसवून पाहिलेला असे.

350 इंजिन 1967 च्या कॅमॅरोबरोबर आलं. 1970 च्या कॉर्व्हेटमधली त्याची एलटी-1 आवृत्ती म्हणजे त्या जुळणीचा कळस: फोर्ज्ड पिस्टन, 11 कॉम्प्रेशन, सॉलिड टॅपेटचा तिखट कॅम आणि 370 अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी कमी शिशाच्या पेट्रोलची तयारी म्हणून जनरल मोटर्सने सगळीकडे कॉम्प्रेशन उतरवलं. एलटी-1 चं 9 झालं, अश्वशक्ती 330 वर आली. 1972 मध्ये हाच आकडा 255 छापला गेला, पण त्यातली बरीच घट मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे होती. आता इंजिन पंखा, एक्झॉस्ट, एअर क्लीनर असं सगळं सामान लावून मोजलं जाऊ लागलं. 1975 पर्यंत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि कॉर्व्हेटचं साधं 350 इंजिन 8.5 कॉम्प्रेशनवर 165 अश्वशक्ती देऊ लागलं.

आजच्या वादाचं मूळ इथे आहे. सत्तरच्या दशकातली ही थंड इंजिनं लाखोंनी रस्त्यावर होती. मालकांना जुना जोर परत हवा होता आणि त्यासाठी सर्वांत सोपा भाग म्हणजे कॅम, कारण हेड न उतरवता तो बदलता येतो. बशीसारखे खोलगट पिस्टन आणि 76 सीसीच्या मोठ्या ज्वलनकक्षाची हेड तशीच ठेवून लोकांनी एलटी-1 च्या तोडीचे कॅम बसवले. गाडी आयडलला गुरगुरायची, पण सिग्नलवरून निघताना आधीपेक्षाही मंद. कॅम कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक कॅमपुढे किमान कॉम्प्रेशन, स्प्रिंगचा क्रमांक आणि किती आरपीएमपासून किती आरपीएमपर्यंत तो चालेल, असे रकाने आले ते याच अनुभवातून. कारखान्याने एके काळी एकत्र केलेलं काम आता ग्राहकाने कॅटलॉग समोर ठेवून करायचं होतं.

साधं गणित

वादाकडे वळण्याआधी ज्यावर कोणाचं दुमत नाही ते गणित पाहू. जुना ब्लॉक 30 थाऊ बोअर केला की सिलिंडरचा व्यास 4.030 इंच होतो. स्ट्रोक 3.48 इंच. एका सिलिंडरचं आकारमान साधारण 727 सीसी. हेडचा कक्ष 64 सीसी, पिस्टन सपाट आणि त्यावर व्हॉल्व्हसाठी कोरलेल्या खाचा 6 सीसीच्या, पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागापासून 25 थाऊ खाली, गॅस्केट दाबल्यावर 39 थाऊ जाडीचं. वरच्या टोकाला उरलेली एकूण जागा साधारण 83.6 सीसी भरते आणि कॉम्प्रेशन 9.7 निघतं. हेड तेवढं बदलून 76 सीसीचं लावलं तर तेच इंजिन 8.6 वर येतं. उलट ब्लॉक वरून तासून पिस्टन पृष्ठभागाच्या बरोबरीला आणला तर 10.3 च्या जवळ जातं. पिस्टन, हेड, गॅस्केट आणि तासणी या चौघांनी मिळून हा आकडा बनतो. म्हणूनच पिस्टनच्या खोक्यावर छापलेलं कॉम्प्रेशन अनुभवी माणूस गंभीरपणे घेत नाही. ते कुठल्यातरी गृहीत धरलेल्या हेडसाठी काढलेलं असतं.

पिस्टनच्या धातूबद्दलही आता फारसा वाद राहिलेला नाही, पण जुळणीवर त्याचा परिणाम आहे म्हणून थोडक्यात सांगतो. साध्या कास्ट पिस्टनपेक्षा जास्त सिलिकॉनचा, म्हणजे हायपरयुटेक्टिक पिस्टन कमी फुगतो, त्याला भिंतीशी दीड-दोन थाऊचा क्लिअरन्स पुरतो, थंडीत आवाज करत नाही. मात्र नॉकिंगचा मार त्याला सोसत नाही, तो तडकतो. त्याच्या काही जातींत वरची रिंग जास्त तापते, म्हणून रिंगचा गॅप नेहमीपेक्षा बराच मोठा ठेवावा लागतो. फोर्ज्ड पिस्टनच्या सवयीने गॅप ठेवला तर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड उपटून येते. फोर्ज्डमध्येही दोन मिश्रधातू आहेत: 4032 मध्ये सिलिकॉन भरपूर, 2618 मध्ये जवळपास नाही. 2618 चिवट, पण जास्त फुगणारा; त्याला चार थाऊ किंवा अधिक क्लिअरन्स लागतो आणि तो थंड इंजिनात खडखडतो. रोजच्या वापराच्या, टर्बो किंवा नायट्रस नसलेल्या गाडीला 2618 घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

आधी काय ठरवायचं: तीन बाजू

कॅमवाल्यांची बाजू अशी. गाडीचं वजन किती, गिअर कोणते, टॉर्क कन्व्हर्टर कोणता, जास्तीत जास्त किती आरपीएमला इंजिन जाणार, हे आधी लिहून काढा. त्यातून कॅम ठरतो. कॅम ठरला की तो मागेल तेवढं कॉम्प्रेशन पिस्टनने द्यायचं आणि तो मागेल तेवढा दाब स्प्रिंगने. कॅटलॉग याच क्रमाने रचलेले असतात. या बाजूचं बळ असं की गाडी कशी चालवायची, हा मालकाचा खरा प्रश्न ती सगळ्यात आधी विचारते.

दुसरी बाजू इंधनापासून सुरुवात करते. पंपावर जे पेट्रोल मिळतं ते तुमच्या हातात नाही, कॅम तुमच्या हातात आहे. मग न बदलता येणाऱ्या गोष्टीपासून निघा, असं तिचं म्हणणं. पेट्रोलवरून सोसेल तेवढं कॉम्प्रेशन, त्यावरून पिस्टन आणि हेड, आणि शेवटी त्याला शोभेल असा कॅम. इथे भारतातल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं: अमेरिकेत पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन ऑक्टेन आकड्यांची सरासरी लिहितात, आपल्याकडे फक्त रिसर्च. त्यांचं 91 म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 95-96. तिकडची कृती जशीच्या तशी उचलून आपल्याकडच्या साध्या पेट्रोलवर बांधलेलं इंजिन नॉक करणार.

तिसरी बाजू हेडवाल्यांची, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तीच सर्वांत वजनदार झाली आहे. 1996 मध्ये जनरल मोटर्सने व्हॉर्टेक हेड आणलं. ओतीव लोखंडाचं, ट्रकसाठी बनवलेलं, पण आधीच्या बहुतेक हेडपेक्षा चांगली हवा घेणारं. ते बसवल्यावर लहान कॅमसुद्धा आधीच्या मोठ्या कॅमइतकी शक्ती देतो, असं घरोघरी दिसू लागलं. कॅमचं काम हेडची उणीव भरून काढण्याचं असेल तर आधी हेड पाहा, हा त्यांचा युक्तिवाद. हेडमधून कोणत्या लिफ्टला किती हवा जाते याचा तक्ता समोर ठेवायचा आणि ज्या लिफ्टनंतर हवा वाढत नाही तिच्या पुढे लिफ्ट मागायचीच नाही. जास्तीची लिफ्ट म्हणजे स्प्रिंगवरचा फुकटचा भार.

या तिन्ही बाजू खऱ्या माणसांच्या हातात इतक्या वेगळ्या राहत नाहीत. कसलेला बांधणारा तिन्हीकडून फेऱ्या मारत एका ठिकाणी पोचतो. पण पहिल्यांदाच इंजिन बांधणाऱ्याला कुठूनतरी सुरुवात करावी लागते. माझ्या मते त्याच्यासाठी इंधनापासूनची वाट सर्वांत सुरक्षित, कारण त्या वाटेवरची चूक मंद इंजिन देते, फुटलेला पिस्टन नाही.

डायनॅमिक कॉम्प्रेशन आणि क्वेंच

कॅम आणि पिस्टन यांचा थेट संबंध एका क्षणी येतो: इनलेट व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा. पिस्टन वर निघाल्यावरही तो काही काळ उघडाच असतो, आणि तो मिटेपर्यंत दाब सुरू होत नाही. कॉम्प कॅम्सचा एक्सई268एच हा अतिशय खपलेला कॅम घेऊ. इनलेटचं ड्युरेशन 268 अंश, मध्यरेषा 106 अंशांवर बसवली तर व्हॉल्व्ह पिस्टन खालच्या टोकावरून निघाल्यावर 60 अंशांनी मिटतो. तेव्हा पिस्टन वरच्या टोकापासून 2.81 इंचांवर असतो, म्हणजे 3.48 पैकी तेवढाच स्ट्रोक कामाचा. वरच्या 9.7 कॉम्प्रेशनच्या इंजिनात हा हिशेब केला तर 8.0 निघतो. व्हॉल्व्ह 70 अंशांनी मिटणारा कॅम असेल तर 7.4. सत्तरच्या दशकातल्या थंड इंजिनांत मोठे कॅम का बुडाले, ते या एका आकडेमोडीत दिसतं.

या आकड्याला डायनॅमिक कॉम्प्रेशन म्हणतात. लोखंडी हेड आणि पंपावरचं पेट्रोल असेल तर 8 ते 8.5 च्या पुढे जाऊ नये, हा त्यावरून पडलेला ठोकताळा. त्याचे समर्थक त्याला निवडीचा मुख्य निकष मानतात. विरोधकांचा आक्षेपही वजनदार आहे. इंजिन फिरताना आत येणाऱ्या हवेला स्वतःचा वेग असतो, पिस्टन वर जात असतानाही ती आत शिरत राहते, त्यामुळे सिलिंडर किती भरला हे केवळ भूमितीतून कळत नाही. शिवाय काहीजण व्हॉल्व्ह 6 थाऊ उरलेला असताना मिटला असं धरतात, तर काहीजण 50 थाऊच्या आकड्यात अंश मिळवून. दोघांचं उत्तर अर्ध्या अंकाने वेगळं येऊ शकतं. दोन कॅमांची आपसांत तुलना करायला हा आकडा चांगला आहे, पण नॉकिंगचा निवाडा करायला तो एकटा पुरत नाही, असं मला वाटतं.

दुसरा न मिटलेला मुद्दा क्वेंचचा. पिस्टनचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग वरच्या टोकाला जेवढे जवळ येतात ते अंतर. जवळ आले की मधलं मिश्रण जोराने स्पार्क प्लगकडे फेकलं जातं, ज्वाला लवकर पसरते, नॉकिंग टळतं. स्टीलच्या कनेक्टिंग रॉडला 35 ते 45 थाऊ हे अंतर बहुतेकांना मान्य आहे. आपल्या उदाहरणात 25 अधिक 39, म्हणजे 64 थाऊ आहे, आणि कारखान्यातून आलेली कित्येक इंजिनं अशीच होती. आता इंजिन नॉक करतंय म्हणून जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवावं, की ब्लॉक तासून क्वेंच कमी करावा आणि पिस्टनला बशी देऊन कॉम्प्रेशन सांभाळावं? दुसरा मार्ग महाग आहे, पण बहुसंख्य जाणकार आज तोच सुचवतात. मात्र क्वेंचमुळे नेमकं किती जास्त कॉम्प्रेशन सोसतं, याचा सर्वांना लागू पडेल असा आकडा कोणाकडेच नाही. ॲल्युमिनियम हेडला एक अंक जास्त चालतो, या जुन्या नियमाचंही तसंच. त्यात उष्णता वाहून जाण्याचा वाटा किती आणि नव्या हेडच्या सुधारलेल्या कक्षाचा किती, हे वेगळं काढता आलेलं नाही.

लोबमधलं अंतर

इनलेट आणि एक्झॉस्ट लोबच्या मध्यरेषांमधला कोन हा कॅमच्या चर्चेतला सर्वांत तापलेला विषय. हा कोन 110 असेल तर इनलेटला 268 आणि एक्झॉस्टला 280 अंश ड्युरेशनच्या आपल्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचा काळ 54 अंश. कोन 107 केला की 60. कोन आवळला की ओव्हरलॅप वाढतो, मधल्या आरपीएमला टॉर्क वाढतो, आयडल खडबडीत होतं, ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम घटतो.

कॅटलॉगमधले रस्त्यावरचे कॅम बहुतेक 110 ते 112 अंशांवर घासलेले असतात. डेव्हिड व्हिझार्ड यांनी याविरुद्ध अनेक वर्षं लिहिलं आहे. त्यांचा नियम आकारमान आणि इनलेट व्हॉल्व्हचा व्यास यांवर बेतलेला: एका सिलिंडरच्या घन इंचांना व्हॉल्व्हच्या व्यासाने भागायचं, 0.91 ने गुणायचं आणि आलेलं उत्तर 128 मधून वजा करायचं. 350 इंजिन आणि 1.94 इंचांचा व्हॉल्व्ह धरला तर 107.5 येतात. त्यांचं म्हणणं, मोठ्या सिलिंडरला लहान व्हॉल्व्ह असेल तर कोन आवळायलाच हवा, आणि कंपन्या फक्त गुळगुळीत आयडलसाठी शक्ती सोडून देतात. कंपन्यांची बाजू अशी की ग्राहकाला ऑटोमॅटिक गिअर, एअर कंडिशनिंग, व्हॅक्यूमवर चालणारे ब्रेक हवे असतात, बऱ्याच जणांचा एक्झॉस्टही मोकळा नसतो. आवळलेला कोन चांगल्या एक्झॉस्टशिवाय उलटा फटका देतो, जळालेला वायू परत आत ओढला जातो. दोघंही आपापल्या गाडीपुरते बरोबर आहेत. डायनो शक्ती मोजतो, गाडी गर्दीत कशी वागते ते मोजत नाही, म्हणून डायनोच्या कागदाने हा वाद मिटत नाही.

पिस्टनसाठी यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती सतत चुकीची समजली जाते. व्हॉल्व्ह पिस्टनला लागेल की नाही, हे जास्तीत जास्त लिफ्टवर ठरत नाही. पूर्ण लिफ्टला पिस्टन खूप खाली असतो. दोघं सर्वांत जवळ येतात ते ओव्हरलॅपमध्ये: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वरच्या टोकाच्या साधारण 10 अंश आधी, इनलेट साधारण 10 अंश नंतर. ड्युरेशन वाढवलं, कोन आवळला, किंवा कॅम पुढे सरकवून बसवला की इनलेटची जागा घटते. कमी लिफ्टचा पण लांब ड्युरेशनचा कॅम पिस्टनला धडकू शकतो, जास्त लिफ्टचा आखूड कॅम सहज निसटू शकतो.

स्प्रिंग: सर्वांत दुर्लक्षित भाग

माझ्या मते या त्रयीत सर्वांत कमी विचार स्प्रिंगचा होतो, आणि सर्वांत जास्त इंजिनांची शक्ती तिथेच वाया जाते. स्प्रिंगची दोन कामं. व्हॉल्व्ह मिटलेला असताना त्याला सीटवर दाबून धरायचं, म्हणजे तो आपटून उसळणार नाही. आणि लोबच्या टोकावर, जिथे टॅपेट, पुशरॉड, रॉकर, व्हॉल्व्ह हे सगळं वजन वर फेकलं जात असतं, तिथे ते लोबला चिकटवून ठेवायचं. हे वजन आवरायला लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. 5,000 ऐवजी 6,000 म्हणजे आरपीएम एक पंचमांशाने वाढले, पण जोर 44 टक्क्यांनी.

मापं जवळून पाहू. समजा, एका स्प्रिंगचा दर इंचाला 370 पौंड आहे आणि 1.700 इंच उंचीवर बसवल्यावर ती सीटवर 110 पौंड दाब देते. व्हॉल्व्हची लिफ्ट 477 थाऊ, म्हणजे पूर्ण उघडल्यावर 286 पौंड. सपाट टॅपेटच्या हायड्रॉलिक कॅमला हे ठीक. आता हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट पुन्हा घासल्या, व्हॉल्व्ह थोडे आत बसले आणि स्प्रिंगची उंची 1.760 झाली. कोणाच्या लक्षात येणार नाही, पण सीटवरचा दाब 88 वर आला. तीच स्प्रिंग, तोच क्रमांक, पण पाच हजारांच्या पुढे व्हॉल्व्ह तरंगू लागतो आणि मालक कॅमला दोष देतो. 60 थाऊची शिम घातली की झालं. प्रत्येक व्हॉल्व्हची उंची वेगळी मोजायची असते, सोळाच्या सोळा.

लिफ्टच्या दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, 50-60 थाऊ शिल्लक राहावेत, आणि रिटेनर व्हॉल्व्हच्या सीलवर आपटता कामा नये. व्हॉर्टेक हेडमध्ये ही दुसरी अडचण नेमकी येते: मूळ अवस्थेत ते 475 थाऊच्या आसपासच लिफ्ट सोसतं. एक्सई268एच ची 477 थाऊ लिफ्ट ही तिथे काठावरची गोष्ट. त्यावर कोणी 1.5 ऐवजी 1.6 गुणोत्तराचा रॉकर लावला तर लिफ्ट 509 थाऊ होते आणि रिटेनर सील फोडतो. एका लहानशा बदलाने संपूर्ण जुळणी कशी उलटते, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

स्प्रिंग किती जोराची, याबद्दल दोन मतं आहेत. जुन्या पठडीचं मत: लागेल तेवढीच, कारण जास्त दाब म्हणजे लोब आणि टॅपेट घासणार, रॉकरचे स्टड वाकणार, पुशरॉड लचकणार. नवीन मत रेसिंगच्या प्रयोगशाळांतून आलं. नव्वदच्या दशकात स्पिनट्रॉन हे यंत्र वापरात आलं: इंजिन पेटवायचं नाही, मोटरने क्रँक फिरवायचा आणि लेझरने व्हॉल्व्हची प्रत्यक्ष हालचाल टिपायची. दिसलं ते असं, की व्हॉल्व्ह तरंगण्याच्या बऱ्याच आधी स्प्रिंग स्वतःच लाटांसारखी थरथरत असते, लोबच्या टोकावरून व्हॉल्व्ह थोडा उडतो, मिटताना उसळतो, आणि शक्ती त्यातच गळते. यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पुशरॉड हलका असण्यापेक्षा ताठ असणं महत्त्वाचं. आणि नुसता दाब वाढवण्यापेक्षा स्प्रिंगचं हलणारं वजन कमी करणं जास्त फायद्याचं. वर निमुळत्या होत जाणाऱ्या मधमाशीच्या पोळ्याच्या आकाराच्या स्प्रिंगा त्यामुळेच पसरल्या. जनरल मोटर्सच्या पुढच्या पिढीच्या एलएस इंजिनांत त्या कारखान्यातूनच आल्या. लहान रिटेनरमुळे वजन कमी होतं, आणि वेढ्यांचा व्यास बदलत असल्याने एकाच वारंवारतेला सगळी स्प्रिंग थरथरत नाही.

विरोधी बाजूचा प्रश्न रास्त आहे. निमुळती स्प्रिंग एकटी असते. दुहेरी स्प्रिंगमधली एक तुटली तर दुसरी व्हॉल्व्ह धरून ठेवते. एकटी तुटली तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि इंजिन संपतं. जे रस्त्यावरच्या गाडीत 6,000 च्या पुढे कधी जाणारच नाहीत, त्यांनी हा धोका पत्करावा का, यावर एकमत नाही. झपाट्याने उघडणाऱ्या नव्या लोबबद्दलही तेच. आपल्या कॅमचं इनलेटचं ड्युरेशन 268 अंश आणि 50 थाऊ लिफ्टवर मोजलेलं 224, यांत 44 अंशांचं अंतर आहे. हे अंतर जितकं कमी, तितका व्हॉल्व्ह झटक्यात उघडतो आणि तितकी जास्त हवा त्याच ड्युरेशनमध्ये मिळते. पण सपाट टॅपेटचा व्यास शेवरोलेत 0.842 इंच, क्रायस्लरच्या 0.904 पेक्षा लहान, आणि टॅपेटच्या कडेवरून लोब घसरू नये यासाठी वेगाला इथे आधी लगाम बसतो. क्रायस्लरसाठी आखलेला लोब शेवरोलेत जसाच्या तसा चालत नाही.

पडताळणी

या सगळ्या हिशेबानंतर एक काम हाताने करावंच लागतं, त्याला पर्याय नाही. पिस्टनच्या खाचांवर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती पट्टीने थापायची, व्हॉल्व्हच्या तोंडाला तेल लावायचं म्हणजे ती चिकटणार नाही. वापरलेलं, म्हणजे आधीच दबलेलं गॅस्केट घालून हेड बसवायचं. हायड्रॉलिक टॅपेटऐवजी सॉलिड टॅपेट, कारण हायड्रॉलिक तेल नसताना दबतो आणि खोटं माप देतो. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, कुठे अडकला तर जोर लावायचा नाही. हेड उतरवून माती ब्लेडने कापली की तिची सर्वांत पातळ जागा दिसते. इनलेटला किमान 80 थाऊ, एक्झॉस्टला 100 थाऊ. एक्झॉस्टला जास्त, कारण तो जास्त तापून लांबतो आणि स्प्रिंग हरली तर पिस्टन त्याच्या मागे लागतो. हलक्या तपासणीच्या स्प्रिंगा आणि डायल गेज वापरणारे मातीपेक्षा नेमकं मोजतात, पण व्हॉल्व्हची कड खाचेच्या बाजूला घासते का, हे मातीच सांगते. हे दोन्ही करणाऱ्याला मी शहाणा म्हणेन.

सपाट टॅपेट आणि तेल: अजून उघडा प्रश्न

शेवटचा मुद्दा, ज्याने गेल्या वीस वर्षांत या विषयाची दिशा बदलली. सपाट टॅपेट लोबवर घासत चालतो, आणि त्या घर्षणात झिंक आणि फॉस्फरस असलेलं रसायन धातूवर थर बनवून त्याला वाचवतं. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो, म्हणून 2004 च्या एसएम श्रेणीपासून नेहमीच्या गाड्यांच्या पातळ तेलांत त्याची वरची मर्यादा 800 पीपीएमवर आली. त्याच सुमारास पहिल्या अर्ध्या तासातच लोब घासून सपाट होण्याच्या तक्रारी वाढल्या.

एक गट संपूर्ण दोष तेलाला देतो. दुसरा म्हणतो, टॅपेटच्या तळाचा किंचितसा फुगवटा आणि लोबचा किंचित तिरकेपणा यांमुळे टॅपेट फिरत राहायला हवा. स्वस्त टॅपेटमध्ये हा फुगवटा आणि कठीणपणा बरोबर नसेल तर कोणतंही तेल वाचवणार नाही. तिसरा गट स्प्रिंगकडे बोट दाखवतो: झपाट्याच्या लोबसाठी लावलेल्या जोरदार स्प्रिंगा पहिल्या अर्ध्या तासातच घात करतात, म्हणून दुहेरी स्प्रिंगमधली आतली काढून, 2,000 ते 2,500 आरपीएमवर वीस ते तीस मिनिटं इंजिन चालवून मग ती परत बसवावी. तिन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि प्रत्येक मेलेल्या कॅममध्ये त्यांचा वाटा किती होता हे वेगळं काढण्याची सोय गॅरेजमध्ये नसते.

यातून बाजाराने स्वतःची वाट काढली आहे. जनरल मोटर्सने 1987 पासून स्मॉल ब्लॉकमध्ये रोलर टॅपेट घालायला सुरुवात केली, आणि आज नव्याने इंजिन बांधणारे बरेच जण त्याच्याकडेच वळतात. रोलरला तेलाची ती चिंता नाही, लोब जास्त आक्रमक चालतो, पण वजन वाढतं, म्हणून सीटवर 130 ते 150 पौंडांची स्प्रिंग लागते, आणि जुन्या ब्लॉकला जोडीने बांधलेले महागडे टॅपेट घ्यावे लागतात. म्हणजे कॅम वाचवण्यासाठी केलेला खर्च पुन्हा स्प्रिंगच्या दारात येतो. आणि तिथे अजून मोजमापच अपुरं आहे. मासिकांतल्या तुलना नव्या स्प्रिंगांवर, डायनोवरच्या काही ओढींपुरत्या होतात. रस्त्यावर काही हजार मैल गेल्यावर त्या किती मऊ पडतात, हे ज्याने बसवताना प्रत्येक स्प्रिंगचा दाब लिहून ठेवला आणि पुढच्या वेळी हेड उतरवल्यावर पुन्हा मोजला, त्यालाच कळतं.